एकचाकीवर बसून वाद्य वाजवणे: तोल, ताल आणि उतरणे

एकचाकी सायकल सराईतपणे चालवणाऱ्या माणसाला तोल कशाने सांभाळतो असे विचारले, तर तो बहुधा पायांकडे बोट दाखवतो. त्याच माणसाचे चित्रीकरण मंद गतीने पाहिले की वेगळेच दिसते. पुढे-मागे जाणारा तोल पेडलवरचा जोर कमी-अधिक करून पाय सावरतात हे खरे. परंतु डाव्या-उजव्या बाजूला जाणारा तोल सावरण्यासाठी दोन्ही हात सतत हवेत हलत असतात, आणि ही हालचाल इतकी अंगवळणी पडलेली असते की ती करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. हातात वाद्य आले की नेमकी हीच सोय जाते. एकचाकी उत्तम येणारा आणि बासरी उत्तम वाजवणारा माणूस या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा एकत्र करतो, तेव्हा त्याला दहा फूटही जाता येत नाही, ते यामुळेच.

गेली काही वर्षे मी हा सराव करत आहे आणि काही जणांना शिकवलेही आहे. त्यातून माझे मत पक्के झाले आहे की आधी हातांचे काम कंबरेवर सोपवावे, मग वाद्य उचलावे. आणि वाद्य निवडताना ते कसे ऐकू येईल याच्या आधी, आपण पडू तेव्हा ते कुठे जाईल याचा विचार करावा. ज्यांना एकचाकी अजिबात येत नाही त्यांनी प्रथम ती शिकून घ्यावी. हा लेख त्यानंतरच्या वाटचालीचा आहे.

सायकलची तयारी

वाद्यासाठी २० इंची चाकाची एकचाकी सर्वांत सोयीची ठरते. तिच्यावर चढणे सोपे, वळणे सोपे, आणि पडताना जमीन फार दूर नसते. २४ इंची चाक सरळ रेषेत अधिक शांत चालते, पण त्यावर चढण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि हात अडकलेले असताना तो जोर भारी पडतो. त्याहून मोठी चाके लांबच्या प्रवासासाठी असतात; त्यांच्या वाटेला या कामासाठी जाऊ नये.

एकचाकीला साखळी नसते आणि फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारी सोयही नसते. क्रँक, म्हणजे पेडलच्या दांड्या, थेट हबला, म्हणजे चाकाच्या मध्याला, जोडलेले असतात, त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पाय थांबवता येत नाहीत, आणि पाय थांबले की चाकही थांबते. वादकाच्या दृष्टीने ही या वाहनाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण तालाचा सगळा विचार पुढे तिच्यावरच उभा राहतो. क्रँकची लांबी २० इंची चाकाला सामान्यतः १२५ मिलीमीटरच्या आसपास असते. लांब क्रँकमुळे थांबणे आणि उतारावर आवरणे सोपे जाते, पण गुडघे उंच उचलले जातात आणि छातीशी धरलेल्या वाद्याला मांडी लागू लागते. आखूड क्रँकमुळे पाय गोल आणि मऊ फिरतात, मात्र आवरण्याची ताकद कमी होते. सपाट मैदानावर वाजवणार असाल तर किंचित आखूड क्रँक लावून पाहायला हरकत नाही.

सीटची उंची वादकासाठी कमी ठेवू नये. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली तर पाय सरळ व्हावा, इतकी उंची योग्य. सीट खाली असली की माणूस नकळत पेडलवर उभा राहून चालवतो, मांड्या लवकर भरून येतात, दम लागतो, आणि दम लागलेल्या माणसाला फुंकीचे वाद्य वाजवता येत नाही. शरीराचे वजन सीटवर असावे आणि पायांनी फक्त चाक फिरवावे. ही एक सवय लागली तरी अर्धे काम होते.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. एकचाकी जोडताना पुढची बाजू मागे झाली, तर चालवता चालवता दोन्ही पेडल आपोआप सैल होत जातात आणि क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. क्रँकवर कोरलेले ‘एल’ हे अक्षर डाव्या पायाखाली आणि ‘आर’ उजव्या पायाखाली आहे, याची खात्री करून घ्यावी. बुटाच्या लेस आत खोचाव्यात, घोळदार पायजमा घालू नये. हेल्मेट नेहमी घालावे. मनगटाचे पट्टे सुरुवातीच्या सर्व सरावात असावेत. बोटांचे बारीक काम सुरू झाल्यावर ते अडचणीचे होतात, तेव्हा ते काढून निदान अर्ध्या बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांची ढाल ठेवावी.

वाद्याला हात लावण्यापूर्वी काय यायला हवे

एकचाकीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कौशल्याच्या दहा पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या पायरीला कोणत्याही आधाराशिवाय चढणे, ५० मीटर जाणे आणि सायकल पुढे धरून नीट उतरणे अपेक्षित असते. वादनासाठी एवढ्यावर भागत नाही. माझ्या अनुभवाने, सलग २०० मीटर न थांबता जाता येणे, डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच सहजतेने वळता येणे, आणि दहापैकी आठ वेळा पहिल्याच प्रयत्नात आधाराशिवाय चढता येणे, इतके झाल्यावरच पुढे जावे. बहुतेकांची एक वळणाची बाजू कच्ची असते. ती कच्चीच ठेवून वाद्य घेतले, तर मैदानाच्या टोकाला पोचल्यावर प्रत्येक वेळी वादन थांबते.

पडण्याचाही सराव करावा लागतो. एकचाकीवरून अचानक तोल गेला, तर माणूस बहुधा पुढे जातो, दोन-तीन पावले धावतो आणि पायांवरच उभा राहतो. सायकल मागे पडते. हे पडणे फारसे धोक्याचे नसते, परंतु सायकल वाचवण्यासाठी मागे वळून सीट धरायची सवय ज्यांना असते, त्यांचा पाय मुरगळतो. वाद्य हातात असताना सीट धरता येत नाही, म्हणून ती सवय आधीच सोडून द्यावी. सायकल पडू द्यावी. सीटच्या पुढच्या-मागच्या टोकांवर प्लॅस्टिकचे टोपण असते ते याचसाठी असते. छातीशी दोन्ही हात धरून, मुद्दाम पुढे झुकून पायांवर उतरण्याचा सराव गवतावर रोज दहा वेळा करावा, आणि तो इतका व्हावा की हात जमिनीकडे जाण्याऐवजी पाय जमिनीकडे जातील.

कोणते वाद्य घ्यावे

इथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक इजा चुकीच्या वाद्यामुळे होतात आणि बहुतेक उत्साहही तिथेच मावळतो.

पहिला नियम असा की ताठ, लांब आणि तोंडात धरून वाजवायचे कोणतेही वाद्य एकचाकीवर घेऊ नये. रेकॉर्डर (पाश्चात्त्य उभी बासरी), सनई, ट्रम्पेट ही वाद्ये पुढे पडताना दातांवर आणि टाळूवर येतात. गळ्यातल्या धातूच्या चौकटीत बसवलेले माउथ ऑर्गनही याच कारणासाठी टाळावे. आडवी बासरी मात्र वेगळी आहे: तिचे मुखरंध्र ओठांखाली टेकलेले असते, आत गेलेले नसते, आणि धक्का बसला की ती ओठांवरून घसरून बाजूला जाते. मेलोडिका, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पेटी, वाजवायची असेल तर तिच्याबरोबर मिळणारी लवचीक नळी लावूनच वाजवावी, म्हणजे तोंडात फक्त मऊ नळीचे टोक राहते.

दुसरा नियम वजनाचा. गळ्यात अडकवलेले जड वाद्य शरीराचा भार पुढे ओढते. अकॉर्डियनचे लहान आकारही काही किलो वजनाचे असतात, त्याचा भाता उघडताना भार एका बाजूला सरकतो, आणि वाद्य छातीसमोर असल्यामुळे चाकापुढची जमीन दिसत नाही. अकॉर्डियन वाजवत एकचाकी चालवणारे कलाकार जगात आहेत आणि त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते, पण ते शेवटच्या टप्प्यावरचे वाद्य आहे. पेटीला बसण्याची जागा लागते आणि भात्यासाठी एक हात. ती इथे बसतच नाही. ढोलकी गळ्यात आडवी आली की वर येणाऱ्या मांड्या तिला धडकतात.

तिसरा नियम पट्ट्याचा. गळ्यातल्या किंवा खांद्यावरच्या पट्ट्याला गाठ मारू नये. दप्तराच्या पट्ट्याला असतो तसा, दाबताच सुटणारा प्लॅस्टिकचा चाप असावा. मी सुरुवातीला युकुलेलेला (लहान गिटारसारखे चार तारांचे वाद्य) जाड सुती दोरी बांधून गळ्यात घालत असे. एकदा वळताना पाय सटकला, मी पायांवर नीट उतरलो, परंतु वाद्याची मान पुढे उसळून माझ्या हनुवटीवर आपटली, आणि दोरी मानेत रुतल्यामुळे ते दूरही लोटता येईना. त्यानंतर गाठ नाही.

या नियमांत बसणारी आणि शिकायला सोपी वाद्ये शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही, कारण चालत वाजवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव, वारीतला टाळकरी, गळ्यात पखवाज अडकवून दिंडीत मैलोन्‌मैल चालणारा वादक, ही सगळी माणसे पायांचे काम पायांवर सोडून हातांनी वाजवतात. त्यांची वाद्ये या कामासाठी जणू पारखलेलीच आहेत.

म्हणून माझा क्रम असा आहे. सर्वप्रथम चिपळ्या: दोन्ही पट्ट्या एकाच हातात मावतात, दुसरा हात तोलासाठी मोकळा राहतो, आणि पडलो तरी मूठ उघडली की सुटका होते. त्यानंतर टाळ, ज्यात दोन्ही हात गुंततात पण छातीसमोर सारखे राहतात. टाळाची दोरी बोटांभोवती गुंडाळू नये, नुसती धरावी. तिसरी दिमडी. जागरणात वाघ्याच्या हातात असणारे हे कातडे ताणलेले लहानसे वाद्य एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवतात. येथे पहिल्यांदा दोन्ही हात वेगवेगळे काम करू लागतात, आणि त्यामुळे कंबरेची खरी परीक्षा होते. चौथे युकुलेले, आणि बासरी त्यानंतर. गिटार शक्य आहे, परंतु तिची लांब मान एका बाजूला बाहेर जाते आणि वळताना ती आपल्याबरोबर उशिरा वळते, म्हणून लहान आकाराचीच घ्यावी.

बॅगपाइप एकचाकीवर वाजवणारा एक प्रसिद्ध कलाकार अमेरिकेत आहे. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात ब्रायन किड हे ‘युनिपायपर’ या नावाने ओळखले जातात आणि मुखवटा, घागऱ्यासारखा स्कॉटिश पोशाख आणि ज्वाळा सोडणाऱ्या नळ्या अशा थाटात रस्त्याने जातात. ज्वाळांचे अनुकरण कोणी करू नये, पण वाद्याची निवड अभ्यासण्यासारखी आहे. बॅगपाइपमध्ये हवा आधी पिशवीत साठते आणि काखेतल्या दाबाने ती नळ्यांत जाते. त्यामुळे खड्ड्यावरून जाताना वादकाचा श्वास चुकला तरी सूर तुटत नाही. फुंकणे आणि वाजणे यांत अशी फट असणे हा एकचाकीवर फार मोठा फायदा आहे. बासरीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक हिसका सुरात ऐकू येतो.

हात बांधून चालवणे

आता प्रत्यक्ष सराव. रोज २० मिनिटे पुरेत; दमल्यावर केलेला सराव चुकीच्याच सवयी लावतो.

पहिल्या आठवड्यात दोन्ही हात कमरेवर ठेवून चालवावे. हे सोपे वाटते, कारण कोपर बाहेर असतात आणि तेच थोडे तोलाचे काम करतात. दुसऱ्या आठवड्यात हाताची घडी घालावी. येथे चाक नागमोडी जाऊ लागेल, जाऊ द्यावे. खांदे स्थिर ठेवून केवळ कंबर डावी-उजवीकडे वळवली की चाक शरीराखाली येते, ही गोष्ट सांगून कळत नाही, पण घडी घातलेल्या हातांनी शंभर-दोनशे मीटर गेल्यावर एका क्षणी आपोआप जाणवते. तिसऱ्या आठवड्यात हात पाठीमागे धरावेत.

त्यानंतर मी एक परीक्षा घेतो. तांब्यात अर्ध्यावर पाणी भरून तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरावा आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. पाणी किती सांडले, त्यापेक्षा कोणत्या बाजूला सांडले हे पाहावे. पुढे सांडत असेल तर पेडलवरचा जोर असमान आहे: दर अर्ध्या फेरीत क्रँक उभे होतात तेव्हा जोर लावता येत नाही आणि पुढच्या क्षणी आपण तो जास्तच लावतो. एकाच बाजूला सांडत असेल तर एक खांदा पडलेला आहे. तांब्याइतका प्रामाणिक शिक्षक मला दुसरा मिळालेला नाही.

शेवटी खोटे वाद्य. बासरी वाजवायची असेल तर तेवढ्याच लांबीची पुठ्ठ्याची नळी ओठांशी धरून चालवावे. युकुलेलेसाठी त्याच आकाराचा खोका पट्ट्याला अडकवावा. बासरी धरताना दोन्ही हात एका बाजूला जातात आणि मान दुसरीकडे वळते, त्यामुळे छाती पिळली जाते आणि चाक एका बाजूला ओढू लागते. ते सरळ करण्यासाठी हात हलवायचे नसतात, बैठकीचा रोख किंचित बदलायचा असतो. हे खोट्या नळीवर शिकून घेतले तर चांगली बासरी फुटत नाही.

वाद्याची बाजू

सायकलवर जाण्यापूर्वी चाल तोंडपाठ हवी, आणि तोंडपाठ याचा अर्थ येथे थोडा कडक आहे. खोलीतला दिवा मालवून, उभ्याने, बोटांकडे न पाहता ती तीनदा न चुकता वाजली पाहिजे. त्यानंतर घराच्या गच्चीवर किंवा अंगणात चालत वाजवावी आणि मध्येच कोणी नाव-पत्ता विचारला तरी हात थांबता कामा नयेत. सायकलवर नजर नेहमी चार-पाच मीटर पुढे असावी लागते. जो वादक पट्टीवरच्या बोटांकडे एकदा पाहतो त्याचे डोके खाली जाते, डोक्याबरोबर छाती जाते, आणि चाक मागे राहते. सुरुवातीला म्हणून अगदी सोपी चाल घ्यावी. युकुलेलेवर दोन कॉर्डची, बासरीवर पाच स्वरांची.

चालणे आणि चालवणे यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, आणि ती कोणीही गाळू नये. वाद्य न घेता, सायकल चालवत, ठेक्याचे बोल मोठ्याने म्हणावेत. केरवा या तालाचे ‘धा गे ना ती, ना क धी ना’ हे आठ बोल म्हणता म्हणता श्वास आपोआप लयीत येतो, आणि मन तोलाच्या चिंतेतून बाहेर पडते. बोल स्थिर झाले की हाताने टाळी-खाली धरावी (टाळीच्या मात्रेला हात आपटावा, खालीच्या मात्रेला नुसता हलवावा), मग चिपळ्या घ्याव्यात.

पेडल आणि मात्रा

२० इंची चाकाची एक फेरी, टायर धरून, दीड मीटरपेक्षा थोडी अधिक होते. एका फेरीत उजवा पाय एकदा आणि डावा एकदा जोर देतो. प्रत्येक जोराला एक मात्रा धरली, तर मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत आपण ताशी सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे चालण्याच्या गतीने जातो. लय १२० मात्रांवर नेली तर गती ताशी साडेपाचच्या पुढे जाते. २४ इंची चाकावर ९० मात्रांची तीच लय ताशी ५ किलोमीटरच्या घरात नेते. वाजवण्याची लय आणि जाण्याची गती अशी एकमेकांना बांधलेली असते, आणि चाल निवडताना याचा विचार करावाच लागतो: फार विलंबित चाल घेतली तर चाक इतके मंद होते की तोल राहत नाही.

ज्यांना हे बंधन नको असते ते वादन पायांपासून पूर्ण वेगळे ठेवण्याचा प्रयत्न करतात. माझ्या मते नवशिक्याने तसे करू नये. पाय सतत एक लय देत असतात, आणि हात दुसऱ्या लयीत ठेवायचा प्रयत्न केला की काही वेळाने दोन्हीपैकी एक दुसऱ्याकडे ओढले जाते. ओढले जातात ते बहुधा हात, आणि ऐकणाऱ्याला ताल धावल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा सुरुवातीला पाय हाच ठेका मानावा. विलंबित चाल हवी असेल, तर एका मात्रेला एक पूर्ण फेरी धरावी. पाय दुप्पट चालतात, चाल संथ राहते.

केरव्याच्या आठ मात्रा म्हणजे चाकाच्या चार फेऱ्या, म्हणजे सव्वासहा मीटरच्या आसपास अंतर. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केरव्याची चार आवर्तने होतात आणि वळायला जागा उरते. माझे विद्यार्थी हे मैदान मात्रांनीच मोजतात. दादऱ्याच्या सहा मात्रांना तीन फेऱ्या लागतात. या दोन्ही तालांत मात्रांची संख्या सम असल्यामुळे समेची मात्रा, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेहमी एकाच पायावर येते, आणि म्हणून ते आधी शिकावेत. रूपक सात मात्रांचा आहे. त्यात सम एका आवर्तनात उजव्या पायावर, पुढच्या आवर्तनात डाव्या पायावर पडते. रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर असते हे लक्षात घेतले, तर सायकलवर तो ताल फार लोभस वाटतो, कारण शरीराचा झोक दर आवर्तनाला बाजू बदलतो. पण तो केरवा अंगात मुरल्यानंतर.

जागेवर राहून वाजवायचे असेल, तर चाक अर्धी फेरी पुढे आणि अर्धी फेरी मागे झुलवत राहण्याची युक्ती शिकावी लागते. वजन खालच्या पायावर असते, तोच पाय घड्याळाच्या लंबकासारखा हलतो आणि प्रत्येक झोक्याला एक मात्रा मिळते. प्रेक्षकांसमोर थांबून एखादे कडवे पूर्ण करण्यासाठी याला पर्याय नाही. मात्र हे हातांच्या मदतीशिवाय जमायला काही महिने लागतात, असे धरून चालावे.

चढणे आणि निघणे

वाद्य गळ्यात असताना चढण्याचा क्रम ठरलेला असावा. वाद्य पट्ट्याने शरीराशी बांधलेले असेल तर ते एका हाताने छातीशी दाबावे, दुसऱ्या हाताने सीट पायांमध्ये धरावी, एक पाय आपल्या बाजूच्या पेडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन सोडावी, आणि सीट धरलेला हात दोन फेऱ्या झाल्यावरच काढावा. बासरी चढताना कमरेच्या शेल्यात खोचू नये. पडल्यास ती बरगडीत लागते. ती हातात उभी धरावी. चढल्या चढल्या वाजवायला लागू नये. आठ मात्रा नुसते जावे, पुढच्या आठ मात्रा बोल मनात म्हणावेत, आणि तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर पहिला स्वर घ्यावा. आरंभीचे हे दोन रिकामे ताल ज्यांनी पाळले त्यांची चाल मध्ये तुटत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

जागा आणि हवामान

सपाट, कोरडे, वाहनांना बंद असलेले मैदान निवडावे. वाजवताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, म्हणून वाहत्या रस्त्यावर हा प्रकार करू नये. बासरीसाठी वाऱ्याची दिशा पाहावी, कारण समोरून किंवा तिरक्या आलेल्या वाऱ्याने फुंक मुखरंध्रावरून उडून जाते; वारा पाठीशी घेऊन जाताना वाजवावे आणि परतताना विश्रांती घ्यावी. पावसाळ्यात दिमडीचे कातडे सैल होते आणि पेडलही ओले होऊन पाय घसरतात, तेव्हा त्या दिवसांत घरच्या घरी बोलांचा सराव बरा. वसाहतीत रात्री उशिरा वाजवू नये.

एक आठवण येथे सांगावीशी वाटते. भारतीय सर्कशीची सुरुवात १८८० साली करणारे विष्णुपंत छत्रे हे घोड्यावरच्या कसरतींत निष्णात होते, आणि त्यांनी ग्वाल्हेरला जाऊन गाणेही शिकले होते. थोर गायक रहिमतखाँ यांना त्यांनीच सांभाळले. कसरत आणि गाणे या दोन विद्या एकाच माणसाने इतक्या मनापासून केल्या, ही गोष्ट मला सराव कंटाळवाणा वाटतो त्या दिवशी फार उपयोगी पडते.

उतरणे

चाल संपवून उतरण्याचा क्षण हा सगळ्यांत अधिक अपघातांचा असतो, कारण शेवटचा स्वर वाजला की मन सुटते आणि चाक अजून फिरत असते. यावर मी तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर संपवण्याचा, उपाय करतो. उजवा पाय समेवर जोर देतो असे धरू. केरव्याच्या पहिल्या मात्रेपासून ‘तिट कत धा’ हा तीन मात्रांचा तुकडा सलग तीन वेळा वाजवला, तर नऊ मात्रा होतात आणि शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर येतो. पहिल्या तुकड्यात गती कायम ठेवावी. दुसऱ्यात वजन किंचित मागे घेऊन चाक मंद करायला लागावे, आणि लय त्याबरोबर उतरू द्यावी. तिसऱ्या तुकड्यातल्या ‘कत’वर डाव्या पायाचा शेवटचा जोर येतो, डावे पेडल खाली जाऊन थांबते, उजवे वर राहते. त्या क्षणी सगळे वजन डाव्या पायावर असावे. मग उजवा पाय उचलून मागे जमिनीवर टेकवावा, आणि तो टेकताना ‘धा’ वाजावा.

रूपकात हे करायचे असेल तर दोन मात्रांचा तुकडा घ्यावा आणि दोन तुकड्यांमध्ये एक मात्रा रिकामी सोडावी. आठ मात्रांनी सम येते. परंतु तिथे सम पाय बदलते, म्हणून ज्या आवर्तनाची सम डाव्या पायावर पडली आहे त्यातच तिहाई सुरू करावी, म्हणजे उतरण्याची सम उजव्या पायाला मिळेल. हा हिशेब वाजवताना करता येत नाही. चाल बसवतानाच आवर्तने मोजून ठरवावा, आणि पहिले काही दिवस मैदानात ज्या ठिकाणी तिहाई सुरू करायची तिथे खडूने रेघ मारून ठेवावी.